समुद्र ओलांडून आलेला रक्ताचा वारसा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मनुष्य पोटापाण्यासाठी देश सोडतो, तेव्हा बरोबर काय घ्यावयाचे आणि मागे काय ठेवावयाचे याचा तो पुष्कळ विचार करतो. देवघरातील मूर्ती, आईच्या हातची गोधडी, चार भांडी, थोडे दागिने इतके सामान बांधले जाते. भाषा, सणवार आणि लग्नाच्या रीती न बांधताही बरोबर येतात. परंतु एक वारसा असा आहे की जो घेतल्याचे नेणाऱ्यालाही ठाऊक नसते. तो असतो रक्तात. दोन-दोन पिढ्या तो मुकाट राहतो, आणि एके दिवशी परक्या मुलखात, परक्या भाषेतील डॉक्टरांच्या तोंडून त्याचे नाव घरात येते. ‘थॅलेसेमिया’ हा असाच एक वारसा आहे. स्थलांतरित कुटुंबांनी तो कसा सोसला, त्याचा अर्थ कसा लावला आणि अखेरीस त्याला कसे आवरले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

नावाची कथा

अमेरिकेतील डेट्रॉईट शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून पुष्कळ कुटुंबे कामधंद्यासाठी येऊन राहिली होती. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. थॉमस कूली यांनी १९२५ साली आपल्या सहकारी डॉ. पर्ल ली यांच्यासह काही बालकांच्या विलक्षण आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मुले फिकट पडत, पोटात प्लीहा वाढे, चेहऱ्याची व कवटीची हाडे रुंद होत, आणि बहुतेकांचा अंत लहानपणीच होई. ही मुले इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांची होती. पुढे १९३०च्या दशकात व्हिपल आणि ब्रॅडफर्ड या अमेरिकी वैद्यांनी या रोगास ‘थॅलेसेमिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘थॅलासा’ म्हणजे समुद्र. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांचा रोग, असा त्याचा आशय.

पुढील संशोधनाने हे नाव अपुरे ठरविले. भूमध्य समुद्रापासून मध्यपूर्व, भारतीय उपखंड आणि थेट आग्नेय आशियापर्यंत हा रोग पसरलेला आहे. या साऱ्या प्रदेशांना जोडणारा धागा समुद्राचा नसून मलेरियाचा, म्हणजे हिवतापाचा आहे. प्रा. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली असा विचार मांडला की, या रक्तदोषाचा अर्धा वाटा ज्याच्या अंगी असतो त्याला हिवतापापासून काही संरक्षण मिळत असावे, आणि म्हणूनच हा दोष शतकानुशतके टिकून राहिला. पुढील अभ्यासांनी या विचारास बळकटी दिली. हे हाल्डेन १९५७ साली स्वतःच इंग्लंड सोडून भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

या शोधाचा अर्थ मोठा आहे. हा दोष कोणाच्या पापाचे फळ नाही, कोणाच्या कुळाचा कलंक नाही. ज्या पूर्वजांनी हिवतापाशी झुंज देऊन वंश जगविला, त्यांनी मागे ठेवलेली ती ढाल आहे. वंशजांनी मुलूख बदलला, कोठे हिवताप ओसरला, परंतु ढालीचे ओझे मात्र खांद्यावर राहिले.

रोगाचे गणित

विषय पुढे नेण्यापूर्वी रोगाचे साधे गणित समजून घेणे इष्ट होय. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करण्याची सूचना प्रत्येकास दोन बाजूंनी मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांपैकी एकच सूचना सदोष असेल, तर ती व्यक्ती ‘वाहक’ ठरते. वाहक हा रोगी नव्हे. तो शिकतो, धंदा करतो, म्हातारा होतो. फार तर त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी असते, आणि कित्येकदा लोहाची कमतरता समजून त्याला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या विनाकारण दिल्या जातात.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजरचे असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा त्याचा अर्थ नाही. कित्येक कुटुंबे नेमकी येथेच फसली आहेत.

असे मूल जन्मतः धडधाकट दिसते. साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत ते फिकट होऊ लागते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते, आणि तेही जन्मभर. रक्ताबरोबर लोह शरीरात येते. एका पिशवीत सुमारे २०० मिलिग्रॅम लोह असते. ते बाहेर टाकण्याचा मार्ग निसर्गाने शरीरास दिलेला नाही. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तरी वर्षाकाठी सुमारे ५ ग्रॅम लोह साठते, आणि निरोगी प्रौढाच्या संपूर्ण शरीरात मिळून लोह असते ते ३ ते ४ ग्रॅम. जमेची बाजू सतत वाढत जाणारी आणि खर्चाची बाजू कोरी, असे हे खाते आहे. हे लोह हृदय, यकृत आणि ग्रंथी यांत साठून त्यांना निकामी करते. म्हणून रक्त देण्याइतकेच लोह काढणेही अगत्याचे असते.

लंडनमधील सायप्रसवासी

आता या रोगाचे घरगुती रूप पाहण्यासाठी लंडन शहराकडे वळावे लागेल. सायप्रस हे भूमध्य समुद्रातील छोटे बेट १९६० पर्यंत ब्रिटिश अमलाखाली होते. १९५०च्या आणि १९६०च्या दशकांत तेथील हजारो ग्रीक आणि तुर्की भाषिक कुटुंबे उत्तर लंडनमध्ये येऊन राहिली. १९७४ साली बेटाची फाळणी झाल्यावर आणखी कुटुंबे आली. त्यांपैकी पुष्कळ स्त्री-पुरुष कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबत, आणि बायका घरी शिवणयंत्रे ठेवून नगावर काम करीत. या बेटावरील साधारण दर सातांतील एक मनुष्य थॅलेसेमियाचा वाहक आहे. त्यामुळे लंडनमध्ये वाढलेल्या या समाजातही वाहकाची वाहकाशी लग्नगाठ पडणे हे काही नवलाचे नव्हते.

अशा घराचे चित्र श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावे. दिवसभर शिलाईचे काम करून थकलेली आई रात्री मुलाच्या पोटाच्या कातडीखाली सुई टोचते. सुईला जोडलेला छोटा पंप रात्रभर, आठ ते बारा तास, लोह काढणारे डेस्फेरिऑक्सामाइन हे औषध हळूहळू सोडीत राहतो. आठवड्यातून पाच ते सात रात्री हाच क्रम. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धती रूढ झाली आणि तिने मुलांचे आयुष्य वाढविले, परंतु प्रत्येक रात्र मायलेकरांची परीक्षा घेणारी झाली. लहान मूल रडे, आणि मोठा मुलगा सुई नाकारू लागे. शाळेतील सोबत्यांना कळू नये म्हणून तो पंप लपवी. ज्या आईने लेकराला कधी चापटही मारली नाही, तिनेच रोज त्याला टोचावयाचे, ही वेदना कोणत्याही औषधाच्या वेष्टणावर छापलेली नसते.

याहून खोल दुखणे मनाचे होते. ‘रक्त वाईट’ हा शब्द कोणत्याही समाजात शिवीसारखाच लागतो. घरात असे मूल जन्मले की सासरकडील माणसे सुनेकडे बोट दाखवीत, आणि माहेरकडील जावयाकडे. वस्तुतः दोन्हीकडून एकेक सदोष सूचना आल्याखेरीज हा रोग होतच नाही. दोष असलाच तर तो समसमान आहे, म्हणजेच दोष कोणाचाच नाही. तरीही थोरल्या बहिणीचे लग्न अडेल, धाकट्या भावाला मुलगी मिळणार नाही, या भीतीने पुष्कळ कुटुंबे मुलाचा आजार चार भिंतींच्या आत ठेवीत. स्वतःच्या देशात निदान शेजारीण कान देऊन ऐकते. परदेशात रुग्णालयातील भाषा निराळी, नातलग दूर, आणि जवळ राहणारे आपलेच लोक जणू न्यायाधीश झालेले. परक्यांना सांगता येत नाही आणि आपल्यांना सांगवत नाही, अशी ही दुहेरी कोंडी होती.

लंडनमधील डॉ. बर्नाडेट मॉडेल यांनी या कुटुंबांबरोबर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या निरीक्षणात एक गोष्ट ठळकपणे आली. ज्यांच्या घरी एक आजारी मूल जन्मले, अशा पुष्कळ जोडप्यांनी पुढे मुले होऊ देणेच जवळजवळ थांबविले होते. चुकून गर्भ राहिला, तर भीतीपोटी तो काढून टाकण्याकडे कल होता. म्हणजे जो गर्भ चारांत तीन वेळा निरोगी असण्याची शक्यता, तोही केवळ न कळल्यामुळे गमावला जाई. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्भाची तपासणी शक्य झाली, तेव्हा याच जोडप्यांनी पुन्हा धीर करून संसार वाढविला. गर्भनिदानाबद्दल निरनिराळ्या धर्मांची आणि व्यक्तींची मते भिन्न आहेत, आणि त्या मतांचा आदर राखलाच पाहिजे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयाची आहे. अज्ञानाने या कुटुंबांचे संरक्षण केले नाही. अज्ञानाने त्यांची मुले हिरावून घेतली, आणि ज्ञान आले तेव्हा ती परत मिळाली.

या समाजातील आईबाप स्वस्थ बसले नाहीत. १९७६ साली प्रामुख्याने पालकांच्या पुढाकाराने ‘यूके थॅलेसेमिया सोसायटी’ स्थापन झाली. कालपर्यंत जे नाव घरात दबक्या आवाजात घेतले जाई, ते आता सभागृहात, स्वतःच्या भाषेत उच्चारले जाऊ लागले. आजाराची पहिली गाठ येथे सुटली.

बेटावर काय घडले

तिकडे मायभूमीतही बदल होत होता. हिवताप सायप्रसमधून १९५०च्या सुमारास हटला होता, आणि उपचारामुळे आजारी मुले जगू लागली होती. ही आनंदाची गोष्ट होती. परंतु अशी मुले जन्मत राहिली तर बेटावरील रक्त आणि औषध दोन्ही अपुरे पडतील, हा हिशेब स्पष्ट दिसू लागला. तेव्हा शासन, डॉक्टर, पालक आणि धर्मपीठ एकत्र आले. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्मपीठ गर्भपातास अनुकूल नव्हते. परंतु विवाहापूर्वी तपासणी करून घेण्यास धर्माची आडकाठी नाही, हे त्याने ओळखले. १९८३ पासून चर्चमध्ये विवाह लावण्यापूर्वी थॅलेसेमियाची तपासणी व सल्ला घेतल्याचा दाखला मागण्याची प्रथा पडली. तुर्की भाषिक समाजातही विवाहपूर्व तपासणी आवश्यक करण्यात आली.

या दाखल्याची रचना मोठ्या विचाराने केलेली आहे. त्यावर तपासणीचा निकाल लिहिलेला नसतो. वधूवरांनी तपासणी केली आहे आणि त्यांना तिचा अर्थ समजावून सांगितला आहे, एवढेच त्यात नमूद असते. निकाल त्या दोघांचा, निर्णयही त्या दोघांचा. चर्च विवाह नाकारीत नाही. बहुतेक जोडप्यांनी दोघेही वाहक असल्याचे कळूनही विवाह मोडला नाही, हे विशेष. त्यांनी फक्त डोळे उघडे ठेवून संसारात पाऊल टाकले. परिणामी १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर बेटावर थॅलेसेमिया मेजरची मुले जन्मण्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले. पुढे १९८६ साली जागतिक थॅलेसेमिया महासंघ स्थापन झाला. त्याचे मुख्य कार्यालय याच बेटावर, निकोसिया येथे आहे.

ब्रॅडफर्डच्या गिरण्यांचा धडा

दुसरे उदाहरण इतके सुखकर नाही, म्हणून ते अधिक बोधप्रद आहे. १९६०च्या दशकात पाकिस्तानव्याप्त काश्मीरमधील मीरपूर भागात मंगला धरण बांधले गेले आणि एक लाखाहून अधिक लोकांची घरे व शेते पाण्याखाली गेली. त्यांपैकी पुष्कळांनी इंग्लंडची वाट धरली. ब्रॅडफर्ड आणि आसपासच्या लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळीला हीच माणसे उभी राहिली. त्यांच्याही रक्तात थॅलेसेमियाचा वारसा होता. परंतु सायप्रसवासीयांच्या घरी अशी मुले जन्मणे कमी झाले, तरी या समाजात ते पुष्कळ काळ चालूच राहिले.

असे का झाले? पुष्कळांनी सोपे उत्तर दिले की, हे लोक चुलत-मावस भावंडांत लग्ने करतात, आणि त्यांचा धर्म तपासणीस प्रतिकूल आहे. या उत्तरात सत्याचा एक अंश आहे, संपूर्ण सत्य नाही. जवळच्या नात्यातील विवाहाने दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, हे खरे. परंतु नात्यातील विवाह हे रोगाचे मूळ नव्हे. ऑर्थोडॉक्स चर्च सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहास अनुमती देत नाही, तरीही सायप्रसमध्ये हा रोग होताच.

इंग्लंडमधील अभ्यासकांनी प्रत्यक्ष नोंदी तपासल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. पुष्कळ पाकिस्तानी कुटुंबांना तपासणीची माहिती वेळेवर दिलीच गेली नव्हती. काहींना ती गर्भारपणाचे पाच महिने उलटल्यावर मिळाली, काहींना त्यांना न कळणाऱ्या भाषेत. ‘हे लोक नाहीच म्हणणार’ असे गृहीत धरून कित्येकांना विचारलेही नव्हते. ज्यांना पहिल्या तीन महिन्यांत आणि समजेल अशा रीतीने माहिती मिळाली, त्यांच्यापैकी बहुसंख्यांनी तपासणी स्वीकारली. ज्यांनी श्रद्धेने ती नाकारली, त्यांनीही जाणूनबुजून नाकारली. गंभीर आजारात एकशेवीस दिवसांच्या आत काय करावे याविषयी मुस्लिम धर्मशास्त्रज्ञांचीही मते आहेत, हे कित्येक आईबापांना कोणी सांगितलेच नव्हते.

दुखऱ्या जागेवर आणखी एक घाव होता. ‘तुम्ही नात्यात लग्न केले म्हणून असे झाले’ हे वाक्य ज्या मातापित्यांना ऐकावे लागले, त्यांना ते उपचारापेक्षा आरोप वाटले. मनुष्य आरोपापुढे दार लावून घेतो. जेथे त्यांच्याच भाषेतील समुपदेशक घरी गेला, खाली बसला, आजी-आजोबांना दोन सदोष सूचनांचे गणित समजावून सांगता झाला, तेथे दारे उघडली. इतकेच नव्हे, तर जी एकत्र नाती अडचण मानली गेली, तीच उपयोगी पडली. एका आजारी मुलाच्या काका, आत्या, मामा, मावश्यांची तपासणी केली, तर थोड्या श्रमात पुष्कळ वाहक सापडतात आणि त्यांना विवाहापूर्वी सावध करता येते.

महाराष्ट्राशी असलेले नाते

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे कोणी म्हणू नये. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील हजारो निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिले, आणि त्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले. सिंधी, पंजाबी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच अधिक आहे. त्यांनीही घर हरवले, कापडाचे गठ्ठे डोक्यावर वाहून पुन्हा संसार उभे केले, आणि रक्तातला हा वारसा बरोबर आणला. हा दोष केवळ त्यांच्यातच आहे असेही नाही. भारतात वाहकांचे सरासरी प्रमाण ३ ते ४ टक्के मानले जाते, आणि दरवर्षी सुमारे १०,००० ते १२,००० मुले थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. रोटीबेटी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीत ठेवणारा कोणताही समाज, तसेच मामाच्या मुलीशी विवाह शुभ मानणारे घर, मीरपूरच्या कुटुंबाला हसू शकत नाही.

उपचारांत पुष्कळ प्रगती झालेली आहे. सुईऐवजी तोंडाने घेण्याच्या गोळ्या आल्या आहेत, आणि त्यांपैकी पहिली गोळी १९९०च्या दशकात भारतातच प्रथम अधिकृतपणे वापरात आली. जुळणाऱ्या भावंडाचा अस्थिमज्जा मिळाल्यास कायमचा उपाय होऊ शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचारास ब्रिटनने मान्यता दिली, मात्र त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला आहे. तरीही आज या घरांचा मुख्य आधार आहे तो अनोळखी रक्तदात्याने दिलेली एक पिशवी.

उपसंहार

या कुटुंबांच्या कथेतून हाती लागते ते थोडक्यात असे. रोग त्यांच्याबरोबर आला, परंतु दुःखाचा मोठा वाटा रोगाचा नव्हता. तो मौनाचा होता, परस्परांवर ढकललेल्या दोषाचा होता, आणि न कळणाऱ्या भाषेत उशिरा आलेल्या माहितीचा होता. जेथे समाजाने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या भाषेत, कोणालाही न लाजविता हा विषय उघड केला, तेथे एका पिढीत चित्र पालटले. जेथे बाहेरून बोट दाखविले गेले, तेथे विलंब झाला आणि त्या विलंबाची किंमत लहान मुलांनी दिली.

म्हणून विवाहेच्छू मुलामुलींची पत्रिका पाहणाऱ्या घरांनी, त्याआधी किंवा निदान त्याबरोबर, हिमोग्लोबिन ए-टूची एक तपासणी करून घ्यावी. ती आयुष्यात एकदाच करावी लागते. साखरपुडा झाल्यावर ती करणे म्हणजे माल घरी आणून मग माप पाहणे होय. मुले महाविद्यालयात असतानाच ती झाली, तर निर्णयास वेळ मिळतो. तपासणीत वाहक निघालेल्या मुलीस वा मुलास कोणी उणे मानू नये. दोघेही वाहक निघाले तरी त्यांच्या वतीने नाते मोडण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांनी घेऊ नये. त्यांना सत्य सांगावे, तज्ज्ञांकडे न्यावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

पूर्वजांची ढाल वंशजांना टाकून देता येत नाही. परंतु ती आपल्याजवळ आहे हे ज्याला ठाऊक असते, तो तिच्या ओझ्याखाली आपले मूल येऊ देत नाही.

॥ शुभं भवतु ॥